खिडकीजवळची टेबलं

ज्या मालकिणीने तुला नोकरीला लागल्यापासून पगार म्हणून एक दमडी दिली नाही, ती तुझ्या धाकट्या बहिणीचं गाडीभाडं आपणहून का धाडते, ते मला आधी सांग. ख्यालीखुशाली मागाहून.

प्रिय ओदील,

तुझं पत्र पोचलं. नोएमीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मग ती झोपल्यावर मी पुन्हा एकेक अक्षर लावत वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, पण त्यामुळे शब्दाखाली काय दडलंय तेही हाती लागतं. तू लिहितेस, मादाम पोमेरो म्हणतात, नोएमीला पॅरिसला पाठवा, आमच्या हॉटेलात तिचं कल्याण होईल. ती बाई लोकांचं कल्याण करायला हॉटेल काढून बसलीय हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, सूप विकते.

नोएमीचे पाय जमिनीवर नाहीत. सोळा वर्षांची घोडी, कोंबड्यांना दाणे टाकायला जाते तीसुद्धा तुम्हा वाढणाऱ्या पोरींसारखी परात एका हातावर तोलत. गाठोडं बांधून दाराशी ठेवलंय, येता-जाता मला ठेच लागते. बाकी इकडे बरं आहे. मोठं बदक कोल्ह्याने नेलं. शेजारची होर्टेन्स तिच्या नवऱ्यासाठी अजून काळं घालते. तो जिवंत होता तेव्हा त्याच्या नावाने खडे फोडायची, आता म्हणते देवमाणूस होता. मेलेला माणूस पैसे पीत नाही, म्हणून चांगला.

पिण्यावरून आठवलं. तुमच्याकडे गिऱ्हाईक बशीत बक्षिसीचं नाणं ठेवतं, त्याला म्हणे 'प्यायला' म्हणतात. तू कधी प्यालीस गं त्यातून? टेबलक्लॉथच्या धुलाईचे पैसे मालकिणीला तूच देतेस, फुटलेल्या बशीचे तूच देतेस, उरतं त्यात बूट शिवतेस. ही रीत कुठून आली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी वकिलांच्या वाड्यावर भांडी घासायला होते तेव्हा पाहुणे निघाले की आम्ही सगळे नोकर दारात रांगेने उभे. जो हात सैल सोडेल त्याचा कोट झटकलेला, जो सोडणार नाही त्याच्या बुटात पुढच्या खेपेला पाणी. पण पगार वकीलसाहेब देत होते, मिळालेलं नाणं वरचं होतं. पुढे त्यांच्या आचाऱ्याने गावात खाणावळ काढली. तो हुशार. त्याने दारातली रांग उचलून टेबलांशी नेऊन उभी केली आणि म्हणाला, पाहुणे देतातच आहेत, मग मी पगार कशाला देऊ? तेव्हापासून जेवतो एक, कमावतो दुसरा, आणि राबणारीने दोघांकडे बघून हसायचं.

आता तुझ्या पत्रातली खरी गोम. सगळ्या पोरींची नाणी गल्ल्याजवळच्या पेटीत जातात, पेटीची किल्ली मादामच्या कमरेला, हे तूच पूर्वी लिहिलं होतंस. आणि आता लिहितेस, खिडकीजवळची टेबलं मला दिलीत, तिथलं पेटीत टाकावं लागत नाही, मादामचा माझ्यावर जीव आहे. ओदील, मी बाजारात जन्म काढला. कोंबडी विकणारीने दाणे फुकट दिले की मी आधी कोंबडीचे डोळे बघते. ज्या बाईने फुटक्या बशीचे पैसे सोडले नाहीत, तिने खिडकी कशी सोडली? तिच्या पदरात कुणीतरी काहीतरी घातल्याशिवाय ती सोडणार नाही. कोण घालतो, आणि कशासाठी, तेवढं तू लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात 'कल्याण' हा शब्द तीनदा आलाय. तू कधी असं बोलत नाहीस. ते तुझ्या मागे उभं राहून कुणी सांगितलं का, अशीही शंका मला आली. मग तुझाही संशय आला. मी लपवत नाही.

म्हणून गेल्या गुरुवारी मी नोएमीला सांगितलं, एका मैताला जाऊन येते. होर्टेन्सकडून काळी टोपी आणि तोंडावरची जाळी मागून घेतली आणि पॅरिसची गाडी धरली. तुझ्या खिडकीजवळ, भिंतीला लागून जे लहान टेबल आहे, तिथे बसले. तोंडाने बोलले नाही, यादीवर बोट ठेवून सूप मागवलं. जाळी नाकापर्यंत उचलून प्याले. कोमट होतं. माझ्या पुढच्या टेबलाशी पिवळ्या हातमोज्यांचा एक गृहस्थ बसला होता. त्याने नाणं बशीत ठेवलं नाही. तुझ्या तळव्यावर ठेवलं, वरून तुझी बोटं मिटली, आणि मूठ तशीच धरून म्हणाला, "मग, धाकटी कधी येतेय? मादाम तर म्हणाल्या, या महिन्यात." तू हसलीस. ओठाचा डावा कोपरा वर करून. लहानपणी दाढ ठणकायची आणि अडाण्यासारखी लपवायचीस, तेव्हा अशीच हसायचीस. म्हणालीस, "आजी पाठवेल, साहेब. लवकरच." मग माझ्याकडे आलीस, बशीतलं माझं नाणं उचललंस, "पुन्हा या, मादाम." मी हात टेबलावरच ठेवला होता, बोटात तुझ्या आईची अंगठी होती. तू नाण्याकडे पाहिलंस. मी रागावले नाही. पगार नसला की माणूस तोंडं बघायचं सोडतं. पण ज्या डोळ्यांना मी दिसले नाही, त्यांच्या भरवशावर मी नोएमीला धाडू कशी? गाडीभाडं मी त्याच दिवशी तुमच्या गल्ल्यावर ठेवून आले. मादाम विचारेल तर सांग, कुणी म्हातारी गिऱ्हाईक पैसे विसरून गेली. तुझी खाट इथे आहे तशी आहे, बदक नाही एवढंच. नोएमीला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आजीला सगळं जग चोर दिसतं, आणि पळून जाईल. तुझं मात्र ती ऐकेल. तेव्हा उत्तर मला नको. त्या माणसाला धाकटी कशाला हवीय, ते तू तिला लिही, तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत. मादामचा एक शब्दही त्यात दिसला तर चुलीत घालीन. रविवारपर्यंत वाट बघते. नाहीतर स्वतः ये आणि तिच्या तोंडावर सांग.

तुझीच आजी,
युफ्रासी