स्टुलाचा पाय

सौ. वहिनींस,

नमस्कार तरी कोणत्या तोंडाने करू?

दीड महिना हात गळ्यात बांधून तुम्ही हसत राहिलात. "बरं झालं मनगट मोडलं, तुमच्या दादांना भांडी घासता यायला लागली!" सगळे हसले. मी कपात तोंड लपवलं.

वहिनी, स्टुलावरून पडलात तेव्हा तुम्हाला चक्कर आली नव्हती. मी करून दिलेल्या स्टुलाचा एक पाय सैल होता. मला ठाऊक होतं. 'रविवारी बघू' म्हणत राहिलो. तुम्हाला दवाखान्यात नेल्यावर मी आधी काय केलं, तर त्या पायात पाचर ठोकली. संध्याकाळी दादा स्टुलावर उभा राहून म्हणाला, "हे तर दगडासारखं आहे. हिलाच चक्कर आली असणार." मी मान डोलावली.

तेव्हापासून तुम्ही चकरेच्या गोळ्या घेताय.

काल प्लास्टर निघालं. "बघा भाऊजी, नव्यासारखं!" म्हणत तुम्ही मनगट फिरवून दाखवलंत, आणि दारातल्या दोन पायऱ्या भिंत धरून उतरलात. मी हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे हो."

हे पत्रही हत्यारांच्या पेटीतच राहणार. मी मला ओळखतो.

तुमचा,
सुतार म्हणवून घेणारा दीर