पांढरा पत्रा

७ एप्रिल, सोमवार
पालिकेची भोंग्याची रिक्षा गल्लीत येऊन गेली. ज्याचं घर पत्र्याचं अन् लाईटीला महाग, त्याच्या पत्र्याला फुकट पांढरा रंग, वर उन्हावर चालणारा पंखा. आधी घर बघाया माणसं येणार.
पहिलं नाव आपलंच. मालक दोन वर्षं बाजेवर, अर्धं अंग गेलंय. दुपारी पत्रा तवा अन् खाली हे भाकर. बोलत न्हाईत. आधी तरी कुठं बोलायचे? आता डॉक्टरनं त्याला नाव दिलंय, एवढंच.

८ एप्रिल
ठरवलं. तोंड आवरायचं. सरकारी माणसाला उलटं बोलायचं न्हाय.
शेजारची नूरुन्निसा म्हणाली, काकी, घर हाय तसं दाखवा. म्हणलं, उघडं दाखवाया हितं तमाशा हाय का? तिचं तोंड एवढुसं झालं.
तोंड उद्यापासून.

१० एप्रिल, सकाळ
आज येणार. घर सारवलं. नूरुन्निसाचा कूलर उसना आणून खिडकीत लावला. गॅसची टाकी दिवाळीपासून रिकामी, ती पुढं ठेवून हळदकुंकू लावलं. चूल टोपल्याखाली. मालकांची बाज नूरुन्निसाच्या पोरानं, खाजानं, मालकांसकट त्यांच्या घरी नेली. पाहुण्यांपुढं लघवीचं भांडं कशाला?
माणूस घर बघून देतो. माझ्या तिन्ही पोरी अशाच उजवल्या.

दुपार
सोनाली नावाची पोरगी आली, हातात मोबाईल. दुपारी लई उकडतं का, आजी? म्हणलं, छे, गार असतं. सैपाक कशावर? गॅसवर. घरी झोपून कुणी आजारी? कुणी न्हाय. म्हणाली, तुमचं बरं चाललंय की. म्हणलं, देवाच्या दयेनं.
तिनं मोबाईलवर टिचकी मारली. काम झालं.
मग ती नूरुन्निसाकडं गेली. तिच्या घरात ना कूलर, ना सारवण, मधोमध बाज. बिचारीचं कठीण हाय.

२४ एप्रिल
लिस्ट लागली. खाजानं वाचली. पहिलं नाव नूरुन्निसाचं. घरात झोपून असलेलं म्हातारं माणूस, त्याला आधी मान. ती सांगत होती म्हणं, हे शेजारचे हाईत. पोरगी म्हणाली, झोपलेत तर हितंच ना.
माझ्या नावापुढं, गरज न्हाय.
चूक त्यांची. उद्या जाऊन सरळ करते.

२५ एप्रिल
गेले. साहेब चांगला होता. म्हणला, आधी खोटं सांगितलं असं लिहून द्या, आजी, लगेच बदलतो. चौथी शिकलेय, सही येते मला.
दिली न्हाय. ह्या वयात खोटारडी म्हणून सही?
दुसरी लिस्ट हाय पुढं.

३० एप्रिल, आखिती
पितरांची मातीची केळी पाण्यानं भरली. नूरुन्निसाचा पत्रा पांढरा झाला, पंखा पण लागला. म्हणाली, काकांना दुपारचं आणत जा. म्हणलं, दोन-चार दिवस आणीन, लिस्ट येईतो. तिला पण सोबत होईल.

३ मे
दुपारभर मालक घोरत होते. आमच्या घरी कधी घोरले न्हाईत. नूरुन्निसा म्हणाली, काकी, तुमी पण टेका की. म्हणलं, माझं घर गार असतं.
घरी येऊन मी अंगावर ओलं लुगडं घेऊन पडले.

६ मे
सांजच्याला खाजा बाज उचलाया लागला तर मालक बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हितंच, म्हणाले. जीभ जड, पण कळलं.
नूरुन्निसा माझ्याकडं बघाया लागली. म्हणलं, ऱ्हाऊ दे. मला पण झाडाया जागा होईल.
भांडं अन् त्यांची वाकळ नेऊन दिली.

९ मे, दुपार
झाडून झालं. बाजेच्या चार पायांचे खड्डे सारवणात हाईत. बुजवाया पायजेत.
सोनाली आली, दुसऱ्या लिस्टसाठी. आज ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. चूल दाखवली. टाकी हलवून दाखवली. उकडतं, म्हणलं. ती भराभर टिचक्या मारत होती. मग तिनं विचारलं, घरी झोपून कुणी आजारी?
म्हणलं, कुणी न्हाय.