तक्त्यात नसलेला रकाना

अण्णा,

मी तुमच्या वेळचा मालवाहतूक कचेरीतला कारकून. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आता वय चोपन्न. तुम्ही गोदामाचे मुकादम. मला तुम्ही नावाने कधीच हाक मारली नाहीत. 'बीकॉमसाहेब' म्हणायचात आणि हमाल हसायचे. ज्या अपघातात तुम्ही गेलात त्याचा दोष चौकशीच्या कागदावर तुमच्याकडे गेला. तो तुमचा नव्हता. हे एकदा नीट लिहून काढावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी नोकरीला लागलो. सोलापूरच्या व्यापाऱ्यांचा सूत-कापड रंगवायचा माल आपल्या गोदामातून आसपासच्या गावांना जात असे: ॲसिडच्या काचेच्या मोठ्या बरण्या, ब्लीचिंग पावडर, आणि पत्र्याच्या डब्यांतली पांढरी भुकटी, जिला रंगारी 'हायड्रो' म्हणत. हायड्रोला ओल लागली की ती तापते आणि पेटते. मी प्रत्येक मालासाठी एक ओळ आखून धोक्याचा तक्ता केला होता. तुम्हाला वाचता येत नव्हते, म्हणून तो मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेत आणि म्हणालात, "समदं बराबर हाय. पर ह्येच्यात शेजार कुटं लिवलाय?" मी समजावले की प्रत्येक मालाचा धोका स्वतंत्रपणे मोजायचा असतो. त्यावर, आमच्या चाळीत असं मोजता आलं असतं तर लई भांडणं मिटली असती, असे तुम्ही म्हणालात. हमाल हसले. मला राग आला होता, हेही आता नोंदवतो.

आणखी एक रीत तुम्ही घालून दिली होती. 'माल निर्धोक' अशी सही ज्याने केली, त्यानेच त्या गाडीच्या हौद्यात मालावर बसून जकात नाक्यापर्यंत जायचे. तिथवरचे खाचखळगे सोसले की माल पुढे टिकतो, असा तुमचा हिशेब. मला ती रीत अडाणीपणाची वाटे. तरीही मी बसत असे, बाहीला ॲसिडचे डाग पडू नयेत म्हणून हात पोटाशी धरून.

मे महिना. सकाळी दहालाच गोदामाचा पत्रा तापला आहे. तुम्ही स्टेशनवर वॅगनमधला माल सोडवायला गेला आहात. मी गाडी भरून घेतो. बरण्या उन्हाने तापू नयेत म्हणून त्यांच्यावर ओले गोणपाट टाकायला सांगतो. उन्हाळ्यात तसे करायचेच असते. जागा पुरत नाही, म्हणून हायड्रोचे चार डबे बरण्यांना खेटून, त्याच गोणपाटाच्या काठाखाली बसतात. एका डब्याचे झाकण चेपलेले आहे. तक्त्यात बरण्यांच्या ओळीपुढे खूण होते, डब्यांच्या ओळीपुढेही होते. ताडपत्री बांधली जाते. मी सही करतो.

तुम्ही परत येता. बँकेतल्या मुलाखतीची वेळ झाली आहे आणि माझ्या अंगात नवा पांढरा शर्ट आहे. तुम्ही विचारता, "शेजार बघितला का?"

"बघितला," मी म्हणतो.

"मग जावा तुमी मुलाखतीला. मी बसतो की."

नाक्याच्या अलीकडे ताडपत्रीखालून धूर निघाला. ड्रायव्हर उडी टाकून वाचला. तुम्ही पेटलेले डबे खाली ढकलत राहिलात, आणि आचेने बरण्या तडकल्या. सिव्हिल हॉस्पिटलात तुम्ही दोन दिवस होतात. मी दारापर्यंत आलो होतो. तुमच्या तोंडावर ओले फडके होते आणि तुमची मुलगी पायाशी बसली होती. मी परत फिरलो.

चौकशीत साहेबांनी विचारले, माल कोणाच्या देखरेखीखाली होता? मी उत्तर दिले, "नाक्यापर्यंत गाडी मुकादमांच्या ताब्यात होती." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. माझा तक्ता त्यांनी चाळला, दोन्ही खुणा पाहिल्या आणि मिटला. बँकेची नोकरी मला मिळाली नाही. मी तिथेच राहिलो आणि पुढे व्यवस्थापक झालो. तक्त्यात 'लगतचा माल' असा रकाना वाढवला. तो आज आमच्या सगळ्या शाखांत चालतो आणि माझा म्हणून ओळखला जातो.

गेल्या महिन्यात तुमची मुलगी घरी आली होती, तिच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या नातवाच्या, लग्नाची पत्रिका घेऊन. ती म्हणाली, "बाबांच्या हातून चूक झाली, तरी तुम्ही आमची विचारपूस कधी सोडली नाहीत." मी तिला चहा घ्यायला सांगितले.

अण्णा, ही खरी हकीकत जिच्यापर्यंत जायला हवी ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. पत्रिकेवर तिचा पूर्ण पत्ता छापलेला आहे. तुम्हाला पत्ता नाही, म्हणून मी तुम्हाला लिहिले.

तुमचा
बीकॉम
सोलापूर, मे महिन्यातला दुसरा शनिवार