बाटलीची धुरकट काच

३ तारीख, सोमवार

भांडारातल्या बंधू-भगिनींनो, ज्या मालाच्या नुसत्या वासाने साहेब लोक नाकाला रुमाल लावतात, तो आपण दिवसभर हाताळतो. आणि तरी कारखान्यात आपली ओळख काय, तर बाटल्या मोजणारे.

(सुरक्षा दिनाच्या भाषणाची सुरुवात. इथे टाळ्यांसाठी थांबणे.)

पुढचा मुद्दा कोबाल्ट ट्रायफ्लोराइड. तपकिरी पावडर, दिसायला गरीब. ओल लागली की पिसाळते. त्यातून निघणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, कातडीतून आत शिरून हाड गाठतं, आणि आधी काही तास दुखतसुद्धा नाही. जबरदस्त जमलंय. पाठ करणे.

४ तारीख

पाहुणे भांडार बघायला येणार. ती पावडर मात्र कळकट प्लास्टिकच्या डब्यात. शोभत नाही. काचेच्या बुचाच्या सुरेख बाटलीत ओतली. डब्यावर ‘काचेत ठेवू नये’ असं छापलंय, पण ते नवशिक्यांसाठी. माझ्या भांडारात ओल येईलच कुठून?

बाटलीवरच्या चिठ्ठीवर पूर्ण नाव मावेना. अक्षर बारीक केलं तर रया जाते. ‘कोबाल्ट’ एवढंच लिहिलं, ठसठशीत. पाहुण्यांना उगाच घाबरवायचं कशाला.

८ तारीख

चार दिवस हवा दमट. बाटली धुरकट दिसते. सफाईवाल्या मावशींना बोललो. त्या म्हणतात, रोज पुसते, जात नाही. काच हाताला खरखरीत लागते, बुचापाशी धूर दिसतो. काम टाळायला माणसाला किती सुचतं. बूच काढून, ओल्या फडक्याने, तोंडाशी नीट घासा म्हणून बजावलं. त्यांनी हातमोजे मागितले, जुने फाटलेत म्हणे. म्हटलं, भाषणात हातमोज्यांची मागणी आहेच, सगळा कारखाना हादरेल. तोवर सांभाळून घ्या.

१० तारीख, सकाळी १०.३०

मावशींनी बाटली घासली. तरी धुरकटच. मन लावून केलं नसणार.

दुपारी २.४५

मावशी आल्या. उजव्या हाताची दोन बोटं आतून ठणकतात म्हणे. चष्मा लावून पाहिलं. ना फोड, ना लाली. साबण बदला म्हटलं.

३.२०

प्रथमोपचार खोली. कंपाउंडरने कशाला हात लागला ते विचारलं, बाटली मागवली, चिठ्ठी वाचली. कोबाल्टचा साधा क्षार समजला. थंड पाणी, खाजेवरचं मलम. मी शेजारीच होतो. बोलणार होतो, पण त्याच्या कामात ढवळाढवळ बरी नव्हे. शिवाय लागून लागून किती लागलं असेल? चिमूटभर.

३.४०

बोटांची टोकं पांढरी पडली आहेत. मावशी भिंतीला कपाळ टेकून उभ्या. ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बोलायला सोपं गेलं असतं. मी दाराबाहेर हे लिहितोय. त्या बाटलीत काय आहे ते फक्त मला ठाऊक आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापून झालंय. भाषण झाल्यावर सांगितलं तर? भाषण पुढच्या सोमवारी.

३.४६

हाड गाठतं. हाड गाठतं. हे वाक्य मी कशाला लिहिलं.

३.५०

सांगितलं. “फ्लोराइड आहे,” एवढाच आवाज निघाला, तोही चिरका. एरवी हजार माणसांना ऐकू जातो म्हणतात माझा.

कंपाउंडरने मलम बाजूला टाकलं. “हे आत्ता सांगताय?”

त्याने कपाटातून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल काढलं, गाडी बोलावली, वाटभर मावशींच्या बोटांवर जेल चोळत गेला. मी मदतीला पुढे बसलो. मदत म्हणजे ड्रायव्हरला लवकर चल, लवकर चल म्हणत होतो. शेवटी तो म्हणाला, साहेब, गप्प बसा.

संध्याकाळी ६.१०

इस्पितळ. बोटांत कॅल्शियमची इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, एक बोट नक्की वाचेल. दुसऱ्याचं परवा कळेल. इतका वेळ का गेला, असं त्यांनी विचारलं. दमट हवेबद्दल सांगायला सुरुवात केली होती. ते निघून गेले.

१२ तारीख

दुसरंही वाचलं. नख काढावं लागलं. देव पावला. साहेबांनी भाषण रद्द करून लेखी जबाब मागितलाय. नऊ पानं झाली. व्यवस्थेचे दोष सातव्या पानापर्यंत.

१७ तारीख, सोमवार

जबाब वाचून दाखवायला मावशींच्या घरी गेलो. त्यांच्या लेकीने खुर्ची दिली, पाणी विचारलं नाही. मावशींचा हात उशीवर, पट्टीत. चिठ्ठीचा मुद्दा आला तेव्हा समजावून सांगितलं की मावशी, खरं बघता तिथे काहीही लिहिलं असतं तरी तुमच्यासारखीला त्याचा काय उपयोग?

मग डाव्या हाताने माझ्या खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

“मला वाचता येतं, भाऊ. बाटलीवर पूर्ण नाव लिहा.”