चष्मा कोणी काढायला सांगितला

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे. स्टुडिओच्या सुतारखान्यात फळीवर कागद ठेवून लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार आणि लेखन एकाच अवस्थेत चाललं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला बसून वाढतो की आडवं झाल्यावर, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नाहीस. इकडे सगळे ठीक. माझा उजवा अंगठा हातोडीखाली आला होता, तोही आता पुन्हा अंगठ्यासारखा दिसू लागला आहे.

तू पाठवलेला गठ्ठा मिळाला. तीनशे बारा सह्या मोजून घेतल्या. मूळचे तिन्ही परीक्षक सोडून गेले आहेत, तेव्हा गाण्याचा हा कार्यक्रम आब राखून बंद करावा, अशी मागणी. आणि ती मी शनिवारच्या आत निर्मात्याच्या हातात द्यावी, असा तुझा हुकूम. त्यात एक्केचाळिसावी सही माझी आहे. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू पेन घेऊन समोर उभी राहिलीस आणि मी सही केली. ज्या कार्यक्रमावर माझं आणि आणखी तीस माणसांचं पोट चालतं तो बंद करा, असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. (अक्षर चांगलं आलं आहे.) शनिवार होऊन गेला. गठ्ठा दिलेला नाही. का दिला नाही ते सांगतो. मधेच पत्र फाडू नकोस.

थोरले का गेले हे तुला वर्तमानपत्रातून कळलं ते अर्धंच. थोरले म्हणजे मधल्या खुर्चीतले. नाव कोणी घेत नाही, स्टुडिओत सगळे थोरलेच म्हणतात. त्यांनी निर्मात्याला दोन ओळींची चिठ्ठी दिली. "हल्ली मला सगळंच आवडायला लागलं आहे. म्हणजे थांबायला हवं." मी ती चिठ्ठी पाहिली आहे. निर्माता ती हातात धरून सुतारखान्यात आला, बाकावर बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला, जणू मी एखादा खिळा मारला की ते परत येतील. मग त्यांच्या डावीकडच्या बाई गेल्या, उजवीकडचे हसरेही गेले. तिन्ही खुर्च्या राहिल्या. त्या मीच केल्या होत्या. थोरल्यांचे पाय जमिनीला टेकत नसत म्हणून मधल्या खुर्चीचे पाय बोटभर कापले होते. नऊ वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्याही नाही.

आता माझ्या दुसऱ्या कामाविषयी. हे मी घरी कधी सांगितलं नाही, कारण ऐकायला ते काम वाटत नाही. परीक्षक दुपारी येतात. त्यांच्या चेहऱ्यावर पडणारे दिवे मात्र सकाळी लावून ठेवावे लागतात, आणि त्यासाठी खुर्चीत कोणीतरी बसावं लागतं. माझी उंची थोरल्यांएवढी. म्हणून नऊ वर्षं रोज सकाळी मी थोरल्यांच्या खुर्चीत बसलो. बाईंच्या जागी कपडे सांभाळणाऱ्या मावशी बसतात, मांडीवर कोणाचं तरी जाकीट आणि तोंडात सुई. हसऱ्यांच्या जागी जनरेटरच्या गाडीचा ड्रायव्हर. तो बसल्या बसल्या झोपतो. (देशभर गाजलेल्या त्या हास्यावरचा उजेड एका घोरणाऱ्या माणसावर बेतलेला होता.) दिवे लावणाऱ्याला आम्ही सूर्य म्हणतो. तो म्हणतो, "मान वर." मी मान वर करतो. तो म्हणतो, "चष्मा." मी चष्मा काढतो, म्हणजे काचेवरची चमक किती आणि चेहऱ्यावरची किती, ते त्याला कळतं. मग पुन्हा घालतो. ताई, एवढंच ते काम आहे, आणि ते मला चांगलं जमतं.

थोरल्यांनी नऊ वर्षांत अकरा वेळा चष्मा काढला. तारखा तुझ्या वहीत आहेत. गाणं फार वर गेलं की ते काही बोलत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत. गायला येणारा प्रत्येक माणूस त्या चष्म्याकडे बघत गायचा. हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचं कळेल.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे बसलो होतो. नवे परीक्षक कोण, ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ते दोनला येणार, एक भाग करून बघणार आणि संध्याकाळी निर्माता ठरवणार, चालू की बंद. तुझा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. दहाच्या सुमारास एक बाई आत आली. पस्तिशीची, हातात डब्याची पिशवी, छातीवर सतरा हा आकडा. दोनला बोलावलेली दहाला आली होती. मागून कळलं की इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करते, आणि पाळी बदलून सबंध दिवस मोकळा मिळाला, म्हणून ती लवकरच आली. तिने काय पाहिलं? दिवे लागलेले, तीन खुर्च्या, तीन माणसं. मावशी मांडीवरच्या जाकिटाला बटण जुळवत होत्या. ड्रायव्हर डोळे मिटून होता. (हे गाणं ऐकण्याची तयारी करत आहेत, असं तिला वाटलं. तिनेच मला सांगितलं.) गाणाऱ्यासाठी जमिनीवर आखलेल्या फुलीवर ती जाऊन उभी राहिली.

"सुरू करू?" तिने मला विचारलं.

मी सूर्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "उभं राहू दे, सावली बघता येईल." मग मी म्हणालो, "करा." दुसरं काय म्हणणार?

गाणं कोणतं होतं ते मला सांगता येणार नाही. मला गाण्यातलं कळत नाही, हे तू मला सातव्या वर्षी सांगितलंस आणि मी ते मानलं आहे. मला लाकडातलं कळतं. तेव्हा एवढंच लिहितो. भिंतीपाशी ओळंबा सोडला की तो आधी थोडा हलतो, मग हलायचा थांबतो, आणि त्या क्षणी खोलीतलं दुसरं सगळं वाकडं आहे हे दिसतं. तिचा पहिला सूर तसा खाली आला. (धुलाईघरात यंत्रांचा एकच आवाज दिवसभर चालतो, त्याच्याशी ती बारा वर्षं सूर जुळवते आहे. हेही मागून कळलं.) वर मचाणावर एक जण दिव्याचा स्क्रू आवळत होता, तो पाना तसाच धरून राहिला. मावशींनी सुई तोंडातून काढली. ड्रायव्हर जागा झाला. ताई, त्या माणसाला त्याचा स्वतःचा जनरेटर जागा करू शकलेला नाही. तो जागा झाला आणि सावरून बसला, वर्गात बसतात तसा. आणि मी चष्मा काढला.

तिला ते दिसलं. गाणं तिने पुरं केलं, पण शेवटी आवाजात पाणी होतं. मग पिशवी उचलून ती दोन पावलं पुढे आली.

"आता कुठे चुकलं ते सांगा."

"अगं बाई, कुठंच नाही!" मावशी म्हणाल्या.

"असं कसं? मधे काहीतरी निसटलं. मला कळलं. कुठे, ते कळलं नाही."

"परत म्हणा," ड्रायव्हर म्हणाला, "मग सांगतो." (गाण्याची सुरुवात त्याच्या झोपेत गेली होती, त्याचं त्याला वाईट वाटत होतं.)

आता गप्प राहणं म्हणजे फसवणूक झाली असती. मी खुर्चीतून उठत म्हणालो, "मी सुतार आहे."

तिने खुर्चीकडे पाहिलं. "ही तुम्हीच केली?"

"हो."

"मग बसा की. उठता कशाला?" आणि थोडं थांबून म्हणाली, "पण चष्मा तुम्ही काढलात."

मी तिला सांगितलं की ते आमचं काम आहे, चमक बघायची असते, सूर्य सांगतो आणि मी काढतो. तिचा चेहरा उतरला. मला ते बघवेना, पण खरं ते खरं. मी साक्षीसाठी सूर्याला हाक मारली. "सांग रे यांना. तूच म्हणालास ना, चष्मा?"

सूर्य पलीकडून म्हणाला, "मी? मी कशाला म्हणतोय? मी गाणं ऐकत होतो."

ताई, नऊ वर्षांत सांगितल्याशिवाय मी कधी चष्मा काढलेला नाही. तो माझ्या हातात होता आणि तो तिथे कसा आला ते मला माहीत नव्हतं. मागच्या दारापाशी निर्माता उभा होता. त्याच्या हातातल्या फोनमधून कोणीतरी बोलत होतं, आणि तो ऐकत नव्हता.

संध्याकाळी त्याने एवढंच सांगितलं: सहा आठवडे चालू, पुढचं पुढे. दुपारी नवे तिघे आले होते. त्यातले दोघे तिला "अप्रतिम" म्हणाले, एकाने शब्द संपले असंही सांगितलं आणि त्यानंतर चार मिनिटं बोलला. तिने तिघांनाही तेच विचारलं, कुठे चुकलं? त्यातली धाकटी तेवढी म्हणाली, "काहीतरी झालं खरं, पण मला पकडता आलं नाही." मला ती आवडली. ती शिकेल, असं वाटलं. पण तिला शिकायला खुर्ची लागेल, आणि आपण तीनशे बारा जण ती काढून घ्यायला निघालो होतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू निवृत्त झालीस तेव्हा शाळेने गाण्याला दुसरं कोणी घेतलं नाही, आणि तू म्हणालीस, बरं झालं, नाहीतरी त्यांनी वाट लावली असती. गेल्या वर्षी मी त्या शाळेत बाकं दुरुस्त करायला गेलो होतो. मोडकी बाकं तुझ्या खोलीत ठेवतात. पेटीवर चार होती. खिडकी गंजून बसली आहे, ती मला पटाशीने उघडावी लागली. वाईट मास्तर आला असता, ताई, तरी त्याने खिडकी उघडली असती.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. गठ्ठ्याचं राहिलं. नवा परीक्षक उंच आहे, म्हणून मधल्या खुर्चीच्या पायांना जोड दिले. एक पाय आखूड पडला, वेळ नव्हता, पिशवीत गठ्ठा होता. नेमका बसला. सध्या तो तीनशे बारा सह्यांवर बसून न्याय देतो. अर्ज पोचला नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही.

ता. क. दुसरं. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. जिने ते दिलं ती बाई दारातच उभी असेल. तू प्रत्येक ओळ दोनदा वाचतेस, म्हणजे बराच वेळ झाला. तिला आत घे. कुठे चुकलं ते सांगणारं माणूस तिला सहा आठवडे हवं आहे, आणि पेन्सिलीने टेबलावर टक्‌ करून भरल्या वर्गातला एक चुकलेला सूर थांबवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे. आम्ही बाकीचे फक्त थक्क होऊ शकतो.

ता. क. शेवटचं. पत्र वाचून झालं की चष्मा काढून पुसायची तुला सवय आहे. आत्ता काढू नकोस, ती बघते आहे. आधी ऐक.