दादाचं माप

४ मार्च

शी! पुन्हा पुन्हा साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. जुनं गिअर ऑइल म्हणजे नासकी अंडी आणि जळकं रबर. जीपचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आज खाली उतरवला. उतरवला म्हणजे मी. दादा नुसता "जरा धर गं", "जरा सैल कर" करत होता. आतले दात तुटून चुरा झालाय, पुढच्या चाकांना ताकद पोचणार कुठून? ड्रेनचा नट दादाने काढला आणि डबा ठेवला भलतीकडेच. सगळं तेल माझ्या बाहीतून थेट काखेत!

वर हसला. "अंघोळ झाली गं तुझी."

मला ओकारी आली. खरंच आली, गॅरेजमागे जाऊन आले.

५ मार्च

वरच्या वस्तीवरच्या शाळेच्या बाई चौकशीला आल्या. "कधी सुरू होणार हो तुमची गाडी?" त्या चढावर आमच्या जीपशिवाय काही जात नाही. बाई, आजारी माणसं, सगळे चालत चढतायत. दादा म्हणाला, "दोन दिवसांत." दोन दिवस! अजून दुसरा केस मिळालेला नाही.

तोंडाने गाड्या दुरुस्त होत असत्या तर दादा लखपती झाला असता.

७ मार्च

भंगारवाल्याकडून दादा केस घेऊन आला. दुसऱ्याच मॉडेलचा. गिअरबॉक्सला बसतो, पण अंगाने लांब. "आतून बघितलाय, एकदम कोरा माल आहे."

कोरा! झाकण उघडलं तर उंदराचं घरटं. चिंध्या, लेंड्या आणि एक वाळून कागद झालेलं पिल्लू. मी चिमट्याने काढलं. दादाला दाखवलं तर म्हणे, "कुठाय?" तुझ्या नाकासमोर आहे, कुठाय काय!

त्याच हातांनी जेवायला बसला. वहिनीने हात धुवायला उठवलं. मला ताटाकडे बघवेना.

दोन वर्षांपूर्वी सासर सोडून आले तेव्हा दादाच म्हणाला होता, "रडत बसू नकोस, गॅरेजात ये." तेव्हा त्याचं काम बघत राहावंसं वाटायचं. आवाजावरून बिघाड सांगायचा. आणि आता हा गबाळेपणा! माणूस एवढा कसा सैल पडतो?

८ मार्च

केस चढवला. जॅकवर तोलून, खाली आडवं पडून, छातीवर घेऊन. दादा डोक्याशी उभा राहून सूचना देत होता. नट माझ्या कपाळावर पाडला. सॉरी नाही, काही नाही. "तो कुठे गेला बघ," म्हणाला.

तुझ्या बहिणीच्या कपाळावर गेला!

आता केस लांब म्हटल्यावर त्याची ताकद चाकांकडे नेणारा मागचा शाफ्ट आखूड करायचा आणि पुढचा वाढवायचा. मी टेप उचलली तर हिसकावून घेतली. "माप माझं मी घेतो. अजून एवढी मोठी झाली नाहीस."

बरं. घे.

१० मार्च

लेथवाल्याकडून शाफ्ट आले. दादाने तेलकट तसेच जेवणाच्या टेबलावर ठेवले.  वहिनीने त्यांच्याखाली कागद पसरला आणि ती आत निघून गेली. मला तिचाही राग आला.

११ मार्च

आज भांडण. कडकडून.

शाफ्ट बसवले, गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून उतरवली, आणि कर्रर्र! मागचा शाफ्ट ठासला. मधल्या सरकत्या जोडाला सरकायला जागाच उरली नाही. नवं सील फाटून तेल टपकायला लागलं. पुन्हा तोच वास.

दादाने माप घेतलं तेव्हा गाडी घोड्यांवर होती. चाकं लोंबत होती! चाकं लोंबली की एक्सल खाली जातो आणि अंतर वाढतं. हे त्यानेच मला शिकवलंय. शिवाय टेपवरचा आकडाही चुकलेला. पुढच्या शाफ्टची गोष्ट आणखी वेगळी: दोन टोकांचे योक, म्हणजे जोडाचे दुहाती काटे, एका रेषेतच नाहीत. असा शाफ्ट चालत्या गाडीत हाडं खिळखिळी करतो, आणि घाटात तुटला तर? आत शाळेच्या बाई असल्या तर?

लेथवाल्याकडे गेले भांडायला. तो बिचारा म्हणाला, "ताई, दादांनी तोंडी सांगितलं तेवढंच कापलं. खूण करून द्या म्हटलं, तर म्हणाले तूच बघ."

घरी येऊन दादाला म्हटलं, "लोकांच्या जिवाशी खेळतोयस. किळस येते मला तुझ्या कामाची."

"मग नको करूस माझ्याबरोबर."

"नाहीच करत!"

वहिनी दारात उभी. "अगं, हळू. शेजारी ऐकतायत." ऐकू देत.

१२ मार्च

गेले नाही गॅरेजात.

१३ मार्च

गेले. वरच्या वस्तीवरून एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून खाली आणताना पाहिलं. चार माणसं घामाने निथळत होती. मग राग गिळला.

दादा नव्हता. बरंच झालं. जीप चारही चाकांवर उभी केली, खाली शिरले, शाफ्ट जिथे बोल्टने बसतो त्या फ्लँजपासून फ्लँजपर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. शाफ्टवर खडूने सरळ रेघ ओढली आणि लेथवाल्याला सांगितलं, ही रेघ मोडली तर परत येईन. तो म्हणाला, "येऊ नका ताई, मीच करतो नीट." बॅलन्सही करून देणार आहे.

१५ मार्च

बसले! दोन्ही शाफ्ट. सरकत्या जोडाला वर-खाली पुरेशी जागा. मागच्या मोकळ्या मैदानात चक्कर मारली, गिअर लिव्हरवर हात ठेवला, थरथर नाही. चारही चाकांनी गाडी चिखलातून अलगद ओढली. किती दिवसांनी एकटीच हसले!

दादा कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. "मागच्या शाफ्टच्या जोडातला क्रॉस घट्ट आहे, सोड थोडा," म्हणाला. बरोबर होता. त्याचा आणखीच राग आला. म्हणजे येतं याला सगळं, करायचं नाही!

आणि वर काय? "उद्या रस्त्यावर पहिली चक्कर मीच मारणार." अर्थात. मिरवायला पुढे.

१६ मार्च

भर उन्हात, सरळ रस्त्यावर. दादा चालवत होता, मी शेजारी. समोर एक माणूस सायकल ढकलत रस्त्याच्या मधोमध. मला वाटलं, दादा आता ब्रेक मारेल. मारलाच नाही. बोलतच होता. मी स्टीअरिंग ओढलं, हँडब्रेक खेचला, गाडी चर खणलेल्या कडेला अडली.

"काय गं? खड्डा होता का?"

तो माणूस सायकल धरून काचेसमोर उभा होता. दादा त्याच्याकडेच बघत होता.

मी हात दादाच्या तोंडासमोर धरला. त्याने मान जरा वळवली, डोळ्याच्या कडेने बघावं तशी, आणि मग त्याला हात सापडला.

"कधीपासून?"

"मधलं सगळं पुसलं जातंय गं," म्हणाला. "तुझ्या वहिनीला ठाऊक आहे."

मी खाली उतरले. त्याच्या बाजूचं दार उघडलं. "सरक," म्हटलं.

दादा न भांडता सरकला.