अकरा नंबरचा स्फटिक

४ मार्च
क्रायोस्टॅट, म्हणजे आमचा अवाढव्य थर्मास, थंड झाला एकदाचा! पाच आठवडे लागले. आता अंतराळापेक्षाही गार — थोडक्यात, निसर्गात याहून गार काही नाही. आत वीस स्फटिक टांगलेत. एखाद्या अणूच्या केंद्रकाचा आम्ही शोधतोय तो दुर्मीळ क्षय झाला, की त्याचा स्फटिक कणभर तापणार आणि आम्हाला कळणार. वर्षातून एकदा घडलं तरी नाचू!
चाचणीत एकोणीस बोलले, सिग्नल आला. अकरा नंबर मुका.

५ मार्च
स्फटिकांना तारा जोडणारी मीच. केसाहून बारीक, सोन्याच्या. अकरा नंबर जोडला त्या आठवड्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटल-प्रयोगशाळा, नुसती तारांबळ! घाईत सांधा कच्चा राहिला असणार. दुसरं काय?

७ मार्च
सर म्हणाले, "अकराशिवायच चालवू या का?" उघडायचं तर तापवायला तीन आठवडे, परत थंड करायला पाच. आधीच तीन वर्षं मागे आहोत.
रात्री ताट तसंच सारलं. आई म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. काय ते सांगून मोकळी हो. माझा खुबा नवा आहे, रडायला मांडी मिळणार नाही!"

८ मार्च
सांगितलं. सगळ्यांसमोर. "माझ्या हातून झालंय." पंपवाला मेकॅनिक एवढंच म्हणाला, "चला, तापवायला घेऊ."
सर जिन्यात थांबले होते. "अगं, तुझ्या वयाचा असताना मी अख्खा पंप जाळला होता. आठ दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. तू बरी!"

३० मार्च
उघडलं. तार सांध्यापाशीच सुटलेली. भिंगाखाली धरली आणि — हा सांधा माझा नाही! माझी तार उजवीकडून वळते, ही डावीकडून. इथे डावखुरे एकटे सर.
जोडणीचं रजिस्टर काढलं. सगळं मीच करते म्हणून आधी बघायचं सुचलंच नव्हतं! ऑपरेशनच्या दिवशीची नोंद — अकरा नंबर. अक्षर सरांचं. खाली त्यांचीच सही.
म्हणजे माहीत होतं? आणि मला सगळ्यांपुढे बोलू दिलं? वर जिन्यात गोड गोड! इतका राग कोणाचा कधी आला नव्हता.

३१ मार्च
रजिस्टर त्यांच्या पुढ्यात आपटलं. ते सहीवरून बोट फिरवत राहिले.
"अक्षर माझंच आहे गं. पण मला काहीच आठवत नाही. आणि हे पहिल्यांदा होत नाहीये."